जुन्या व नव्या आल्टो सॅक्सोफोनच्या नादाची परीक्षा

(१)

आमचे एक स्नेही जुनीं वाद्यें जमवितात. त्यांच्या संग्रहांत मध्यंतरीं एक आल्टो सॅक्सोफोन आला. अंगावर चांदीचा मुलामा, कर्ण्यावर वेलबुट्टीचें कोरीव काम, आणि नळीच्या पाठीमागें एल्कहार्टच्या कॉन कारखान्याचा ठसा व त्याशेजारीं 'डिसेंबर ८, १९१४' ही तारीख. विकणारानें वाद्य इ. स. १९१४ चें म्हणून दिलें व आमच्या स्नेह्यांनीं त्याच समजुतीनें त्याची किंमत मोजली. पुढें एका वादकाकडून तें वाजवून पाहिलें. त्यानें आपला नेहमींचा, नव्या धाटणीचा, धातूचा माउथपीस त्यावर चढविला. नाद कर्कश निघाला व वरच्या सप्तकांतील स्वर जागेवर लागेनात. तेव्हां जुन्या सॅक्सोफोनची कीर्ति पोकळ आहे असें आमच्या स्नेह्यांचें मत बनलें, व वाद्य येईल त्या किंमतीस काढून टाकण्यापर्यंत गोष्ट आली. वाद्याच्या पेटींत फडक्यांत गुंडाळलेला एक हिरवट-तपकिरी रंगाचा माउथपीस होता. तो निकामी समजून आधींच केराच्या वाटेस लागला होता. योगायोगानें तो आमच्या हातीं आला.

ह्या एका हकीकतींत तीन चुका आहेत. एक तारखेची, दुसरी नादाच्या परीक्षेची, व तिसरी अस्सल अवशेष ओळखण्याची. जुन्या कागदांत ज्यांचा जन्म गेला अशा मंडळींनीं कागदाच्या बाबतींत ह्यांपैकीं एकही चूक केली नसती. नक्कलेंतील शक हा नक्कल केल्याचा शक नव्हे, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. परंतु वाद्य हातीं आलें कीं हीच मंडळी ऐकीव गोष्टींवर विसंबतात. प्रस्तुत लेखांत जुन्या व नव्या आल्टो सॅक्सोफोनच्या नादाची तुलना कोणत्या पुराव्यानें करावी, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : ज्यास आपण जुन्या सॅक्सोफोनचा नाद म्हणतों तो पितळेंत थोडा व माउथपीसांत आणि वादकांत फार असतो, म्हणून जो संग्राहक नळी जपून माउथपीस टाकतो, तो पोथीचे पुठ्ठे जपून पानें टाकतो.

(२)

वाद्याचा मूळ इतिहास येथें थोडक्यांत दिला पाहिजे. अडोल्फ साक्स ह्यांचा जन्म बेल्जममधील दिनां गांवीं इ. स. १८१४ मध्यें झाला. इ. स. १८४२ मध्यें ते पॅरिसला येऊन राहिले, व इ. स. १८४६ मध्यें त्यांनीं आपल्या नव्या वाद्याचें फ्रेंच पेटंट मिळविलें. पेटंटची मुदत इ. स. १८६६ मध्यें संपली व त्यानंतर इतर कारखान्यांसही हें वाद्य करण्यास मोकळीक झाली. साक्स ह्यांनीं वैभव व दिवाळें हीं दोन्ही पाहिलीं, इ. स. १८९४ मध्यें पॅरिस येथें त्यांचा अंत झाला. त्यांचा कारखाना पुढें इ. स. १९२९ च्या सुमारास पॅरिसच्याच सेल्मर घराण्याच्या कारखान्यानें विकत घेतला. सेल्मरनें स्वतःचा पहिला सॅक्सोफोन इ. स. १९२२ च्या आरंभीं बाजारांत आणला होता.

दरम्यान हें वाद्य अमेरिकेंत गेलें. इंडियाना प्रांतांतील एल्कहार्ट हें गांव त्याचें माहेरघर बनलें. कॉन, बुशर व मार्टिन हे तिन्ही कारखाने त्याच गांवचे. क्लीव्हलंड शहरीं एच. एन. व्हाइट ह्यांच्या कारखान्यांत 'किंग' नांवाचीं वाद्यें होत. इ. स. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सॅक्सोफोनचें जणूं वेडच पसरलें, व आज 'जुना आल्टो' म्हणून जें वाद्य हातीं पडतें तें बहुधा त्या दशकांतील किंवा त्याच्या पुढच्या दोन दशकांतील असतें.

येथेंच आमच्या स्नेह्यांची पहिली चूक उलगडते. त्या वाद्यावरील तारीख घडणीची नसून पेटंटची आहे. नळीच्या पत्र्यांतूनच स्वररंध्रांचे कांठ ओढून काढण्याच्या युक्तीचें अमेरिकन पेटंट क्रमांक १११९९५४ हें इ. स. १९१४ च्या डिसेंबरच्या ८ तारखेस मिळालें होतें, व कॉनच्या कारखान्यानें ती तारीख पुढें अनेक वर्षें आपल्या वाद्यांवर ठोकली. खरा कालनिर्देश तिच्या खालच्या अनुक्रमांकांत असतो. आमच्या स्नेह्यांच्या वाद्याचा अनुक्रमांक त्यास इ. स. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास नेतो. खालीं 'ए' व 'एल' अशीं दोन अक्षरें आहेत. पहिलें आल्टोचें, दुसऱ्याचा अर्थ असा कीं, वाद्य आजच्या प्रचलित ४४० कंपनांच्या पट्टीशीं जुळणारें आहे. त्या काळीं ४५७ च्या आसपासची उंच पट्टीही चालू होती, व त्या पट्टीचीं वाद्यें आजच्या मेळांत बसत नाहींत. म्हणून संग्राहकानें तारखेआधीं हें अक्षर वाचावें.

(३)

आतां नादाकडे वळूं. आपल्या संगीतशास्त्रांत नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा व जाति. एकाच उंचीचा व एकाच जोराचा स्वर सनईचा कीं बासरीचा हें ज्यावरून कळतें ती जाति. मूळ स्वराबरोबर जे उपस्वर उमटतात, त्यांतील कोणता किती बलवान आहे ह्यावर ती अवलंबून असते. वरचे उपस्वर बलवान असले कीं नादास धार येते. ते दुबळे असले कीं नाद गोल व मऊ वाटतो.

सॅक्सोफोनची नळी शंकूच्या आकाराची आहे. शंकूचें टोंक तोंडांत धरतां येत नाहीं म्हणून तें छाटावें लागतें, व छाटलेल्या टोंकाची उणीव माउथपीसच्या पोकळीनें भरून काढावयाची असते. ती भरपाई नेमकी झाली तरच खालचा स्वर व त्याचा वरच्या सप्तकांतील जोडीदार एकमेकांशीं जुळतात. ह्यावरून माउथपीस हा वाद्याचा दागिना नसून अवयव आहे, हें लक्षांत येईल.

साक्स ह्यांच्या माउथपीसची पोकळी आंतून मोठी व गोल होती. इ. स. १९२० नंतरच्या दशकांतील अमेरिकन माउथपीसांतही तीच परंपरा दिसते. अशा पोकळींत वरचे उपस्वर दबतात, व नाद भरीव परंतु फारसा लांब न फेंकला जाणारा असा होतो. पुढें नाचाचे मोठे मेळ आले. कर्ण्यांच्या रांगेपुढें एकट्या आल्टोस ऐकूं जावयाचें होतें. तेव्हां पोकळी लहान होत गेली व रीडसमोरचें छत खालीं उतरलें. फुंकीस अरुंद वाट मिळाली कीं नाद तेज व धारदार होतो. सेल्मरच्याच माउथपीसांत हा क्रम डोळ्यांनीं पाहतां येतो : आधीं गोल पोकळी, मग घोड्याच्या नालेच्या आकाराची, व त्यानंतर चौकोनी.

आमच्या स्नेह्यांच्या वाद्याचें काय झालें तें आतां सहज समजेल. मोठ्या पोकळीच्या हिशेबानें आखलेल्या नळीवर लहान पोकळीचा माउथपीस बसविला. एकंदर लांबी जुळविण्यासाठीं तो बुचावर बाहेर ओढावा लागला. त्यामुळें एक स्वर जुळला तर दुसरा ढळला. दोष वाद्याचा नव्हता. एका पोथीचीं पानें दुसऱ्या पोथीस जोडून मग ग्रंथकारास विसंगत म्हणावें, तसा तो प्रकार होता.

(४)

मग धातूचें काय? जुन्या पितळेची सर नव्या पितळेस नाहीं, असें वादकांच्या व विक्रेत्यांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. ह्या प्रश्नावर दोन पुरावे आहेत. पहिला प्रयोगशाळेंतील आहे. जॉन कोल्टमन ह्यांनीं इ. स. १९७१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चांदी, तांबें व लांकूड अशा तीन द्रव्यांच्या, परंतु आंतून एकाच मापाच्या बासऱ्या पडद्याआडून वाजविल्या गेल्या. ऐकणारांस त्या वेगळ्या ओळखतां आल्या नाहींत. बासरी व सॅक्सोफोन हीं वाद्यें भिन्न आहेत हें खरें, परंतु दोहोंत वाजते ती आंतली हवा. भिंतीचें काम तिला आकार देण्याचें.

दुसरा पुरावा इतिहासांतील आहे. लंडन येथें हेक्टर सोमारूगा नांवाच्या इटालियन गृहस्थांनीं 'ग्राफ्टन' नांवाचा आल्टो काढला, तो इ. स. १९५० मध्यें विक्रीस आला. त्याचें अंग पांढऱ्या ॲक्रिलिकचें, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचें होतें. मान व चाव्या मात्र धातूच्या. इ. स. १९५३ च्या मे महिन्याच्या १५ तारखेस कॅनडांतील टोरोंटो शहरीं मॅसी हॉल येथें जाझचे सुप्रसिद्ध वादक चार्ली पार्कर ह्यांनीं हेंच वाद्य वाजविलें. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेवर करारमदाराच्या अडचणीमुळें त्यांचें खरें नांव न देतां 'चार्ली चान' असें टोपणनांव छापलें होतें. पण नांव बदललें, वाद्याचें द्रव्य बदललें, तरी जाणकारांस वादक कोण हें कळावयाचें राहिलें नाहीं. निनांवी कागदावरचें अक्षर ओळखीचें निघावें, तसें हें झालें. पार्कर ह्यांनीं पूर्वीं कॉनचा व पुढें किंगचाही आल्टो वाजविला होता; वाद्यें बदललीं तरी नादाची ओळख एकच राहिली.

ह्यास शास्त्राचाही दुजोरा आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टेनर सॅक्सोफोन वाजविणारांच्या मुखांतील व कंठांतील पोकळी कशी बदलते तें मोजलें. अतिउंच स्वर काढतांना कसलेले वादक ती पोकळी त्या स्वरास जुळवून घेतात, व शिकाऊ वादकांस तें साधत नाहीं, असें त्यांस आढळलें. अर्थात् वाद्याची नळी कर्ण्यापाशीं सुरू होऊन माउथपीसपाशीं संपत नाहीं. ती वादकाच्या कंठापर्यंत जाते.

(५)

इतक्यावरून सर्व नळ्या सारख्याच, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. द्रव्याचा परिणाम थोडा असला तरी आकाराचा परिणाम खरा आहे. शंकु किती वेगानें रुंदावतो, मानेचा आंतला घाट कसा आहे, स्वररंध्रें केवढीं व कोठें आहेत, ह्यांवर स्वरांचें जुळणें व फुंकीस होणारा विरोध हीं ठरतात. जुन्या कॉन वाद्यांच्या रंध्रांचे कांठ वळवून गोल केलेले असत. ही रीत इ. स. १९४७ च्या सुमारास बंद पडली. त्याच्या आल्टोच्या मानेवर स्वर बारकाईनें मिळविण्याचें फिरतें कडें असे. मार्टिनच्या वाद्यांत रंध्रांचे कांठ वेगळे करून डाग देऊन बसवीत. सामान्यतः वादक कॉन व बुशर ह्यांचा नाद रुंद व पसरट, आणि सेल्मरचा नाद एकवटलेला व नेमका असल्याचें सांगतात. हें मत आम्ही सर्वस्वीं नाकारीत नाहीं. पण तें सांगणारानें कोणत्या माउथपीसवर, कोणत्या रीडवर व कोणत्या दुरुस्तीनंतर वाद्य ऐकलें, हें विचारल्याखेरीज तें पुराव्यांत घेऊं नये.

दुरुस्तीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. रंध्रें झांकणाऱ्या गाद्या नमद्यावर चामडें मढवून केलेल्या असतात, व त्या झिजतात. शंभर वर्षांच्या वाद्याच्या गाद्या अनेक वेळां बदललेल्या असावयाच्याच. आजच्या गाद्यांच्या मध्यभागीं बहुधा धातूची किंवा प्लॅस्टिकची चकती असते. तिच्यामुळें नाद उजळतो. जुन्या गाद्या पुष्कळदां साध्या असत. उलट पक्षीं, गाद्या नीट बसत नसल्या तर हवा गळते व नाद मंद, दबका होतो. हाच दबकेपणा कित्येकदां 'पुराण्या वाद्याचा गोडवा' म्हणून वाखाणला जातो. अंधाऱ्या खोलींत नळीच्या आंत लहान दिवा सोडावा व चाव्या हलकेच मिटाव्या; जेथून उजेड झिरपेल तेथें गळती आहे. ह्या साध्या परीक्षेनें बरेंचसें काव्य विरून जातें.

(६)

जुन्या वाद्यांभोंवतीं दंतकथा कशा वाढतात ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे सेल्मरचा 'मार्क सहा' हा नमुना. तो इ. स. १९५४ मध्यें निघाला व सुमारें वीस वर्षें चालला. त्याचें पितळ महायुद्धांतील तोफगोळ्यांचीं टरफलें वितळवून केलें होतें, म्हणून त्याचा नाद अपूर्व, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला आधार असा कोठेंही दाखविला जात नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, ज्याचा अनुक्रमांक पांच आंकडी आहे तोच खरा उत्तम. कारखान्याच्या अनुक्रमांकांच्या यादीप्रमाणें पांच आंकडे संपून सहा आंकडे सुरू होतात ते इ. स. १९६२ च्या सुमारास. परंतु ९९९९९ नंतर १००००० येतो हा गणिताचा नियम आहे. त्या दिवशीं कारागिरांचे हात बदलले नाहींत. शिवाय वीस वर्षांत ह्या नमुन्याच्या मानेच्या व कर्ण्याकडील भागाच्या मापांत फेरफार होत गेले, म्हणून 'मार्क सहाचा नाद' ही एकच वस्तु नाहीं. तरीही ह्या एका आंकड्यावर बाजारांत मोठी किंमत चढते. संग्राहकानें आंकड्यांच्या संख्येपेक्षां मानेवरील अनुक्रमांक अंगावरील अनुक्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं तें पाहावें. न जुळल्यास पोथीस परकें पान जोडलें आहे असें समजावें.

नांवांच्या बाबतींतही सावधगिरी हवी. कॉनच्या इ. स. १९२० नंतरच्या दशकांतील एका नमुन्यास आज सर्रास 'च्यू बेरी' म्हणतात. हें नांव कारखान्याचें नव्हे; तें मागाहून चिकटलें. ज्या वादकाच्या नांवावरून तें पडलें, ते टेनर वाजवीत, आणि तेंच नांव आल्टोसही लावलें जातें.

नव्या वाद्यांस कमी लेखण्याचेंही कारण नाहीं. जपानांतील यामाहा व यानागिसावा ह्यांच्या वाद्यांत स्वर जागेवर लागतात व चाव्या हातास सुलभ असतात; एका वाद्याहून दुसरें फारसें वेगळें निघत नाहीं. खुद्द सेल्मरनें 'रेफरन्स ५४' ह्या नांवानें जुन्या मार्क सहाकडे परत वळून पाहणारा नमुना काढला, ह्यावरून जुन्या आकाराचें मोल कारखानदारांनींही मानलें आहे. परंतु आकार पुन्हां घडवितां येतो, हीच गोष्ट जुन्या पितळेच्या गूढाविरुद्ध बोलते.

(७)

जुन्या ध्वनिमुद्रिका हा पुरावा म्हणून पुढें केला जातो. त्याचीही छाननी हवी. इ. स. १९२५ पूर्वीं मुद्रण विजेवर होत नसे. वादक मोठ्या कर्ण्यासमोर वाजवी व त्या कंपनांनींच सुई हाले. अशा मुद्रणांत वरचे उपस्वर फारसे उतरत नसत. रूडी वीडॉफ्ट ह्यांच्या त्या काळच्या मुद्रिका ऐकून वाद्याचा नाद मऊ होता असें म्हणणें, म्हणजे धुरकट आरशांत पाहून चेहऱ्याचा वर्ण ठरविणें होय. त्या मुद्रिकांवरून बोटांची सफाई व जिभेची करामत कळते. नादाची जाति कळत नाहीं.

मग विश्वसनीय परीक्षा कोणती? आमच्या मतें दोन परीक्षा वेगवेगळ्या कराव्या व त्यांचे निष्कर्ष एकमेकांत मिसळूं नयेत. पहिलींत दोन्ही वाद्यांची गळती दूर करून एकच वादक, एकच माउथपीस व एकच रीड ठेवावी. ऐकणारे पडद्याआड बसावे. क्रम उलटसुलट करून पुष्कळदां वाजवावें. ह्यानें नळीचा गुण कळतो. वादकाचें स्वतःचें मत येथें दुय्यम मानावें, कारण त्यास फुंकीचा विरोध व बोटांखालचा स्पर्श जाणवतो, आणि दांतांच्या हाडांतून आलेला नाद ऐकूं येतो. दुसऱ्या परीक्षेंत प्रत्येक वाद्यास त्याच्या काळचा माउथपीस द्यावा. ह्यानें त्या काळच्या नादाची अटकळ बांधतां येते. पहिली परीक्षा कारागिराची, दुसरी इतिहासकाराची. आपणांस दुसरी हवी असेल, तर तिचें साधन शिल्लक असलें पाहिजे.

आणि तेंच साधन नष्ट होत आहे. जुने माउथपीस गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे, म्हणजे एबोनाइटचे असत. उजेडानें त्यांचा काळा रंग हिरवट-तपकिरी होतो व ते कुजले असा अनभिज्ञांचा समज होतो. कित्येक वादक त्यांची पोकळी कोरून वा दांडा घांसून त्यांस नव्या धाटणीचे करूं पाहतात. तसेंच वाद्यास नवा मुलामा देण्यासाठीं तें घांसलें जातें, तेव्हां पत्रा झिजतो व कोरीव काम व ठसे बोथट होतात. म्हणजे लेखच पुसला जातो. पार्कर ह्यांचा ग्राफ्टन इ. स. १९९४ मध्यें लंडनच्या लिलांवांत ९३,५०० पौंडांस गेला व अमेरिकेंतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयांत पोहोंचला. असें भाग्य थोड्या वाद्यांस लाभतें.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाहीं. इ. स. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी ह्यांचा अमेरिकन वाद्यमेळ मुंबईस ताजमहाल हॉटेलांत आला, व त्यानंतर जाझच्या मेळांतून आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून गोव्याच्या वादकांनीं हें वाद्य मुंबईच्या कानीं बसविलें. त्या पिढीचीं वाद्यें पेट्यांसह कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या जुन्या बाजारांतील दुकानीं पडलेलीं असणें अशक्य नाहीं. ज्यांस तीं आढळतील त्यांनीं पेटी रिकामी करूं नये. माउथपीस, त्याचें टोपण, रीडचे जुने तुकडे, पावत्या, हें सर्व वाद्याबरोबर ठेवावें. ठसा, अनुक्रमांक व अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. माउथपीस गरम पाण्यानें धुऊं नये, उन्हांत ठेवूं नये व कोणासही घांसूं देऊं नये.

आमच्या स्नेह्यांच्या वाद्याचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करितों. गाद्यांची गळती काढविली, फडक्यांतील माउथपीस थंड पाण्यानें स्वच्छ करून बुचावर चढविला, व त्याच वादकास पुन्हां बोलाविलें. स्वर जागेवर आले. नाद लहान खोलींत भरून राहील असा, गोल व कांहींसा लाजरा निघाला. तो आजच्या कानास आवडेलच असें नाहीं. वादकास स्वतः तो फारसा रुचला नाहीं. परंतु प्रश्न आवडीचा नव्हता, अस्सलपणाचा होता. वाद्य आतां विकावयाचें नाहीं असें आमच्या स्नेह्यांनीं ठरविलें आहे, व पेटीवर त्यांनीं स्वतःच्या हातानें चिठी चिकटविली आहे : 'इ. स. १९१४ चें नव्हे. माउथपीससह ठेवावें.'